करंगळीएवढी धार

घरात ती धाकटी आणि गल्लीत करंगळी. हे टोपणनाव अंगकाठीवरून पडले असेल असे नव्या माणसाला वाटे, कारण होतीही ती तशीच, फुंकर मारली तर उडेल अशी. पण नाव पडले होते कामावरून. चढावरच्या विहिरीशेजारी एक सिमेंटचा चौथरा होता. त्यावर उंच निळी टाकी, टाकीखाली वाळूने भरलेले पिंप, आणि पिंपाच्या बुडाशी पितळी व्हॉल्व्ह. पंपाने विहिरीचे पाणी टाकीत चढायचे, टाकीतून वाळूत उतरायचे आणि व्हॉल्व्हमधून बाहेर पडायचे ते करंगळीएवढ्या धारेने. त्याहून धार जाड झाली की पाणी वाळूतून पळत सुटते आणि पाण्यातले शिसे धरायला वाळूला सवड मिळत नाही. म्हणून व्हॉल्व्ह सोडताना धाकटी आपली करंगळी धारेशेजारी धरून माप बघायची. बादल्या घेऊन उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी म्हणायचेच, "अगं, अंगठ्याएवढी तरी कर!"

"अंगठ्याएवढी हवी तर थेट विहिरीतून शेंदा," धाकटी म्हणायची. विहिरीचे नाव निघाले की सगळे गप्प.

कारण विहीर नासवली होती तिच्याच सासरच्यांनी. घराला चिकटून सासऱ्यांची बॅटऱ्यांची शेड होती. मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या आणायच्या, फोडायच्या, आतल्या शिशाच्या जाळ्या वितळवून लाद्या पाडायच्या आणि उरलेले ॲसिड मागच्या खड्ड्यात ओतून द्यायचे. यात कोणालाच काही वावगे वाटत नव्हते. खड्डा आपला, ॲसिड आपले, मग दुसऱ्याचे काय जाते? खड्ड्यातले हळूहळू विहिरीत उतरत होते हे कळायला बरीच वर्षे गेली. गल्लीतली मुले पोट धरून बसू लागली, आज शिकवलेले उद्या विसरू लागली. सरकारी नळ चढावर पोचत नव्हता, सगळ्यांची भिस्त विहिरीवर. मग पाणी तपासणारी एक संस्था आली, बाटल्या भरून घेऊन गेली, आणि परत आली ती तोंडे पाडूनच. शेडला कुलूप लागले. सासरे त्या दिवशी खाटेवर जे बसले ते बसलेच. कोणी काही विचारले की "मला काय माहीत होतं?" एवढेच म्हणत. खरेच होते ते. पण खरे असून उपयोग काय!

सासूबाई मात्र वेगळ्या मुशीतल्या. पिंप बसवायच्या दिवशी सगळी गल्ली जमली असताना त्या चौथऱ्यावर चढल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ज्या घरानं पाणी नासवलं, त्या घरचंच माणूस या पाण्यावर बसेल. मी आहे तोवर, आणि माझ्या माघारीसुद्धा."

काय ते बोलणे! चिडलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले. शेजारच्या मास्तरीणबाई तर पुढे होऊन सासूबाईंच्या गळ्यातच पडल्या. शब्द देणे हे फार शोभिवंत काम आहे. पाळणाऱ्याला ते निस्तरावे लागते, ही गोष्ट वेगळी.

संस्थेतल्या बाईंनी विचारले, "मग कोण बसणार? मी शिकवून ठेवते." सासूबाईंनी थोरल्या मुलाकडे पाहिले. थोरल्याने बायकोकडे पाहिले. थोरली "दूध उतू जातंय" म्हणत घरात पळाली. धाकट्याला टेम्पो घेऊन गावोगाव जावे लागे, तो तेव्हाही बाहेरच होता. उरली धाकटी. लग्न होऊन वर्ष झाले नव्हते आणि त्या क्षणी तिच्या हातात काहीच नव्हते. रिकामा हात दिसला की त्यात काहीतरी येऊन पडतेच. तिच्या हातात व्हॉल्व्ह पडला.

बाई शिकवायच्या मात्र छान. त्यांनी पिंपाचे झाकण काढून मूठभर वाळू धाकटीच्या तळहातावर ठेवली. कोऱ्या चहाच्या रंगाची, तांबूस तपकिरी. "ही साधी वाळू आहे, पण हिच्यावर आम्ही मुद्दाम गंज चढवलाय," बाई म्हणाल्या. "लोखंडाचा गंज. शिशाला या गंजाला चिकटायला आवडतं. पाणी सावकाश गेलं की शिसं कणाला धरून बसतं आणि पाणी तेवढं पुढं जातं. शिसं नाहीसं होत नाही हं, वाळू ते धरून ठेवते. धरून धरून ती भरते, मग आम्ही गाडी घेऊन येतो, जुनी वाळू बंद पिंपात भरून नेतो आणि नवी घालतो."

"म्हणजे वाळूची बदली होते," धाकटी म्हणाली.

"हो, तसंच म्हण."

"आणि माझी?"

बाई हसल्या. धाकटीही हसली. तेव्हा तो विनोद होता.

धाकटीला खरे येत होते ते कपडे बेतायला. माहेरी असताना दोघी बहिणी एका शिंप्याकडे शिकल्या. बहीण शिवण्यात तरबेज, आणि धाकटी कात्रीत. माणसाकडे नुसते बघून खांदा किती, पाठ किती, हे ती सांगायची, आणि टेप लावल्यावर शिंपी मान हलवायचा. कापडावर खडूची रेघ मारून कात्री चालवताना जो कर्र आवाज होतो, तो ऐकला की तिला पोट भरल्यासारखे वाटायचे. चौथऱ्यावर आल्यापासून तिच्या नशिबी दुसराच आवाज आला, बादलीच्या बुडाशी पडणाऱ्या बारीक धारेचा. एक बादली भरायला एवढा वेळ लागे की माणसाचे सगळे विचार संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होत.

पाणी सकाळी आणि संध्याकाळी सोडायचे. मधे टाकी भरायची, झाकण काढून वाळू सारखी करायची, कुपीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पाणी नितळ राहिले तर ठीक. तपकिरी झाले तर वाळू भरली. यात अवघड असे काही नाही. अवघड एवढेच, की हे रोज करायचे. धाकटी कोणाच्या लग्नाला गेली नाही, आजारी पडली तरी अंगावर शाल घेऊन चौथऱ्यावर. एकदा ती तापाने फणफणलेली असताना थोरल्या दिरांनी व्हॉल्व्ह सोडला. रांगेतल्यांना बरे वाटावे म्हणून त्यांनी धार चांगली मनगटाएवढी केली आणि सगळ्यांकडून शाबासकी घेतली. औषधाचे थेंब टाकले तर पाणी तपकिरी. सगळ्यांनी बादल्या गटारात ओतल्या, आणि त्यानंतर थोरल्या दिरांनी कायमच्या काखा वर केल्या.

ती बसायची एका उपड्या बॅटरीच्या क्रेटवर. प्लास्टिकचा होता, कडा मांड्यांना रुतायच्या. नवरा दर वर्षी म्हणायचा, "अगं, एखादी खुर्ची आणून ठेवतो."

"नको," ती म्हणायची. "खुर्ची आली की माणूस बसतो."

"मग आता काय करतेस?"

"आता टेकलेय."

नवरा माणूस भला होता, पण भलेपणाचाही कधीकधी उपयोग नसतो. आईसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा सगळे भोवती बसले होते. त्यांनी डोळे उघडले, सगळ्यांवरून नजर फिरवून धाकटीवर आणली आणि विचारले, "व्हॉल्व्ह नीट बंद केलास ना?" धाकटी म्हणाली, "केला." सासूबाईंनी डोळे मिटले ते मिटलेच. दुसरी कोणी असती तर शेवटी "सुखी राहा" तरी म्हणाली असती.

अशी वर्षे गेली. मग एक दिवस बहिणीचा फोन आला. तिने दूरच्या शहरात शिवणकामाची जागा घेतली होती. शाळांच्या गणवेशांचे काम होते, मशिनवर बसायला बायका मिळत होत्या, पण बेतणारे माणूस मिळत नव्हते. "मोठं टेबल केलंय, खिडकीशी," बहीण म्हणाली. "त्यावर दुसऱ्या कोणाची कात्री चालवायची नाही मला. तू ये. भावोजींचा टेम्पो इथंही चालेल की! रस्ते काय फक्त तुमच्याकडेच आहेत?"

धाकटीने फोन ठेवला. नवऱ्याला सांगितले तर तो चटकन म्हणाला, "जाऊ या की!" आणि मग लगेच, "पण आईचा शब्द?"

इथे घोडे अडले. आणि ते सोडवले थोरलीने.

थोरली म्हणजे जाऊ. सख्ख्या बहिणीसारखी नाही, पण बहिणीहून कमीही नाही. दूध उतू जाण्याचे निमित्त करून ती पळाली होती, ते तिला आतून कायम बोचत आलेले. तिने धाकटीचा हात धरला. "तू जा. मी बसते पाण्यावर. शब्द घराचा आहे ना, मग मी काय परक्या घरची आहे? एवढी वर्षं तू बसलीस. मी मेलीनं तेव्हा दुधाचं निमित्त केलं. दूध नव्हतंच गं चुलीवर."

"मला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

दोघी खूप हसल्या. धाकटीला इतके हलके वाटले की डोळे भरून आले.

मग शिकवणी सुरू झाली. थोरलीची करंगळी जरा जाड, म्हणून धार तिच्या नखाएवढी धरायची, असे ठरले. टाकी कधी भरायची, वाळू कशी सारखी करायची, थेंब किती टाकायचे, सगळे धाकटीने शिकवले. आठवून आठवून शिकवले. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. ती तिला इतकी माहीत होती, की सांगायची असते हेच तिच्या ध्यानात आले नाही.

आधी दोन दिवस जाऊन जागा बघून यायचे, मग गल्लीला सांगायचे, असा बेत ठरला. बहिणीकडे पोचल्यावर धाकटीने पहिल्यांदा काय केले असेल? न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडला. बादलीत पाणी धो धो कोसळले, कडेवरून सांडले, तिच्या पायांवरून वाहिले. बहीण दारावर थापा मारू लागली, "अगं, काय करतेस? पाणी चाललंय वाया!" धाकटी आत उभी राहून खिदळत होती. मग टेबलाशी गेली. खिडकीतून ऊन कापडावर पडले होते. खडूची रेघ मारली, कात्री घातली. इतक्या वर्षांनी हात चुकेल असे वाटले होते, पण हाताला सगळे जसेच्या तसे आठवत होते. मशिनवरच्या बायका काम थांबवून बघू लागल्या. निघताना बहिणीने कात्री कागदात गुंडाळून खणात ठेवली. "ही तुझी. कोणी हात लावणार नाही."

परतीला ती चढ चढत होती ती जवळजवळ पळतच. लांबूनच दिसले, थोरली चौथऱ्यावर बसलीय, धार सोडलीय, आणि धार अगदी मापात. धाकटीला वाटले, सुटले गं बाई.

"बघ," थोरली म्हणाली, आणि तिने झाकण उचलले. "तुला दाखवायचं म्हणून कधीची वाट बघतेय. कशी लखलखीत झालीय!"

पिंपात पांढुरकी वाळू होती. चहाचा रंग पार उडालेला.

"काय केलंस?" धाकटीने विचारले, पण उत्तर तिला दिसतच होते.

थोरलीला स्वच्छतेचे भारी वेड. तिच्या घरातली भांडी आरशासारखी. आणि हे घर बॅटरीवाल्यांचे. खिळा गंजला, कडी गंजली, विळी गंजली, की पातळ ॲसिडमध्ये बुडवायची आणि लख्ख करून काढायची, हे या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक. झाकण काढून तिने वाळू पाहिली आणि तिला धाकटीची कीव आली. एवढी वर्षे बिचारी गंजलेल्या वाळूतून पाणी देतेय! शेडमध्ये जुना कॅन होता. "पातळ केलं होतं हं," ती म्हणाली. "मला काय कळत नाही? काल संध्याकाळचं पाणी संपलं तेव्हा घातलं, सकाळी दोन बादल्या पाण्यानं धुऊन काढलं. केवढी घाण निघाली म्हणून सांगू!"

"ते धुतलेलं पाणी कुठं टाकलंस?"

"कुठं म्हणजे? मागच्या खड्ड्यात."

धाकटीने पुढे होऊन व्हॉल्व्ह बंद केला. कुपीत पाणी घेतले, थेंब टाकले. पाणी तपकिरी झाले, आणि होत होत इतके गडद झाले की थोरलीने तोंडावर हात ठेवला. महिनोन्‌महिने वाळूने धरून ठेवलेले सगळे शिसे ॲसिडने एका दमात सोडवले होते. जी घाण म्हणून थोरलीने घासून काढली, तेच औषध होते.

"थेंब टाकून बघितले नाहीस?"

"इतकी स्वच्छ वाळू, अन् थेंब कशाला टाकायचे?" थोरली म्हणाली. "मी सकाळपासून पाणी दिलंय गं. सगळ्यांना दिलंय."

धाकटी धावली. दारोदार गेली. "सकाळचं पाणी पिऊ नका! ओतून द्या! माठातलं, बाटलीतलं, सगळं ओता!" नशीब एवढेच की बहुतेक घरांत कालचे पाणी उरलेले होते आणि आजचे नुसते भरून ठेवले होते. पण सुताराच्या घरात त्याची सून पेला रिकामा करून ठेवतच होती, आणि तिला सातवा महिना होता. सुताराने धाकटीकडे जे पाहिले, ते पाहणे ती जन्मात विसरणार नाही.

"कोणी केलं हे?" त्याने विचारले.

आता इथे जरा थांबले पाहिजे, कारण याच जागी धाकटीने आपल्या आयुष्याचा सौदा केला, आणि तो तिने अगदी हिशेबाने केला. थोरलीचे नाव सांगितले, तर थोरलीला गल्ली पुन्हा व्हॉल्व्हला हात लावू देणार नाही. म्हणजे आपण अडकलो. आपले नाव सांगितले, तर आपल्याला चौथऱ्यावरून खाली ओढतील, व्हॉल्व्ह थोरलीकडे जाईल आणि आपण सुटू. बदनामी होईल, होऊ दे. खिडकीशी टेबल आहे, तिथे कोणाला काय ठाऊक! आणि खोटे तरी कुठे होते ते पुरते? गंजाची गोष्ट सांगायची तीच विसरली होती.

"मी," ती म्हणाली. "गावाला जायच्या घाईत वाळू ॲसिडनं धुवायला मीच सांगून गेले. ताईला काही माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या बाई गाडी घेऊन आल्या. वाळू बदलली, खड्ड्यातली माती खरवडून भरून नेली, घरोघरचे रक्त तपासायला घेतले, आणि निकाल येईपर्यंत टँकरने पाणी आणले. त्यांनी धाकटीला विचारले, "किती ॲसिड घालायला सांगितलंस?"

"अंदाजानं," धाकटी म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिले, मागे उभ्या थोरलीकडे पाहिले, आणि पुढे काही विचारले नाही.

सुताराच्या सुनेला आणि पोटातल्या बाळाला धोका नाही, असे डॉक्टरांनी सांगितले त्या दिवशी गल्ली चौथऱ्यासमोर जमली. धाकटी क्रेटशेजारी उभी होती. मनातून ती जवळजवळ निघालीच होती.

"हिला उतरवा तिथून," सुतार म्हणाला. "माझ्या घरातला पेला होता तो. मला नाही हिच्या हातचं पाणी प्यायचं."

धाकटीने मान खाली घातली. लाज वाटली म्हणून नाही; चेहऱ्यावरचे दिसू नये म्हणून.

"मग कोण बसणार?" मास्तरीणबाईंनी विचारले. त्या आता काठी टेकत चालत, पण आवाज अजून वर्गातलाच. "शब्द त्या घराचा आहे. थोरलीला बसवा."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिले. धाकटीनेही पाहिले. हो म्हण, ती मनात म्हणत होती. नुसते हो म्हण.

थोरली पांढरीफटक पडली होती. तिने व्हॉल्व्हकडे पाहिले आणि दोन पावले मागे सरकली. "नको," ती म्हणाली. "माझ्याच्यानं नाही होणार. मला जमायचं नाही. हिलाच... ही नीट करते. हिलाच राहू द्या."

मग मास्तरीणबाई सुताराकडे वळल्या. "आता मी काय म्हणते ते ऐक. चूक कोणाकडून होत नाही? तुझ्या हातून कधी लाकूड वाकडं कापलं गेलं नाही? पण चूक झाल्यावर दारोदार धावत जाऊन 'ओता, मी चुकले' असं सांगणारं माणूस दाखव मला एक. ही गप्प बसली असती, तर आपल्याला कळलं तरी असतं का? अरे, ज्यानं एकदा असं सांगितलं, त्याच्या हातचं पाणी डोळे मिटून प्यावं. बाकीच्यांचं काय सांगावं!"

"बाई, माझं ऐका..." धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस. तुझ्या सासूनं पाहिलं असतं तर छाती भरून आली असती तिची."

गर्दीत कोणीतरी डोळे पुसले. कोणीतरी "खरंय" म्हणाले, मग सगळेच म्हणू लागले. मग सुतार पुढे आला आणि त्याने धाकटीपुढे हात जोडले. "मी बोललो ते मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला. "सून म्हणाली, ही धावत आली नसती, तर मी दुसरा पेला भरत होते."

करायला गेले एक आणि झाले भलतेच. आता खरे सांगायची सोय नव्हती. सांगितले असते तर थोरली बुडाली असती, आणि हिचा खोटेपणाही थोरपणाच ठरला असता. जावेसाठी दोष अंगावर घेतला म्हणून लोकांनी तिला डोक्यावर घेतले असते. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि विहीर तर तिला फार वर्षांपासून ओळखीची.

शेडमध्ये दोघी जावा समोरासमोर आल्या. जुन्या बॅटऱ्यांचे फुटके डबे अजून कोपऱ्यात रचलेले होते.

"तू स्वतःवर का घेतलंस?" थोरलीने विचारले.

"तू नको का म्हणालीस?"

थोरली रडू लागली. "मला तो पेला दिसतो गं. व्हॉल्व्हकडे बघितलं की तिचा तो पेला दिसतो. माझे हात बघ." ती खोटे बोलत नव्हती, हात खरेच थरथरत होते.

धाकटीला भयंकर राग आला होता. दूध उतू जाते तेव्हाही तूच, आणि आताही तूच, असे तिला म्हणायचे होते. म्हटले असते तर दोघींनाही बरे वाटले असते. पण तिने ते थरथरणारे हात आपल्या हातांत धरले आणि ते थांबेपर्यंत सोडले नाहीत. धरून ठेवायची तिला सवयच झाली होती.

नवरा त्या दिवशी टेम्पोतून उतरला तो भारावूनच. "सगळी गल्ली तुझंच नाव घेतेय," तो म्हणाला. "आई असती तर!"

"हो," धाकटी म्हणाली. "त्या असत्या तर व्हॉल्व्ह बंद केला का, एवढंच विचारलं असतं."

बहिणीला तिने फोन केला. "टेबलावर दुसरं कोणी बसव," ती म्हणाली. बहिणीने भांडण काढले, कारण विचारले, रडलीही. धाकटी म्हणाली, "नाही जमत गं यायला." याहून जास्त सांगण्यासारखे होते, पण ते सांगायचे तर सगळेच सांगावे लागले असते. शेवटी ती म्हणाली, "कात्री खणात ठेवून देऊ नकोस. गंजेल."

नव्या वाळूतून पाणी सोडायचे होते त्या सकाळी ती चौथऱ्याकडे गेली, तर गल्ली आधीच जमलेली. क्रेट नाहीसा झाला होता. त्याच्या जागी खुर्ची होती. शिसवी लाकडाची, पाठ असलेली, हात असलेली, कडा घासून गोल केलेल्या. सुतार तिच्याशेजारी उभा होता आणि त्याची सून पोटावर हात ठेवून हसत होती. तिच्याकडे बघून धाकटीला सगळ्यांत आधी आनंदच झाला, खोटे का सांगा.

"बोल्ट मारलेत चारी पायांना, थेट सिमेंटमध्ये," सुतार म्हणाला. त्याने खुर्ची धरून हलवून दाखवली. ती तसूभरही हलली नाही. "आता वादळ आलं तरी इथून हलायची नाही."

"बस की," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बस, बस," सगळे म्हणाले. थोरलीही म्हणाली, मागून, हळूच.

धाकटी बसली. सुताराने टेप न लावता, तिला नुसते येता-जाता बघून माप घेतले होते. पाठ बरोबर टेकली, कोपर बरोबर हातांवर आले, पाय बरोबर जमिनीला लागले. उजवा हात पुढे केला तर व्हॉल्व्ह बोटांत. कुठे सुताएवढाही फरक नव्हता. मापातले कळणाऱ्या बाईला ते कळणारच. इतके तिच्या मापाचे असे आजवर कोणी काही केले नव्हते.

तिने व्हॉल्व्ह सोडला आणि धारेशेजारी करंगळी धरली.

"कशी झालीय?" सुताराने विचारले.

"छान झालीय," ती म्हणाली. आणि खरेच छान झाली होती. म्हणूनच तिला रडू फुटले, आणि ते आनंदाचे आहे असे समजून सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या.